काळी, मुरूम की कातळ? सोलापुरात बांधण्याआधी भूकंपाचा भार जमिनीवरून कसा ओळखावा

जुन्या माणसांनी गावच्या जमिनीचे दोनच भाग केले होते. पिकते ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. काळीत नांगर चालायचा, पांढरीत चूल पेटायची. सोलापूर वाढत गेलं तशी ही वाटणी मोडली. विजापूर रोड, होटगी रोड, अक्कलकोट रोड, कुठल्याही अंगाला जा, ज्या रानात ज्वारी डोलायची तिथे आज कॉलमच्या सळया उभ्या दिसतात. इमारतीचे नकाशे मात्र सगळीकडे तेच. कातळावरच्या प्लॉटचं डिझाइन जसंच्या तसं काळीतल्या प्लॉटवर उचलून ठेवलेलं मी कितीदा पाहिलंय.

मी या शहरात स्ट्रक्चरल डिझाइनचं काम करतो. लोक येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "साहेब, स्टील किती लागेल?" खाली काय लागलंय, हे मलाच विचारावं लागतं. भूकंपात इमारतीवर किती भार येणार, यातला मोठा हिस्सा त्या उत्तरावर ठरतो. म्हणून प्लॉट बघण्यापासून फुटिंगच्या पीसीसीपर्यंत, म्हणजे कॉलमखालच्या पायाच्या तळाशी बिनसळईचं काँक्रीट ओतेपर्यंत, काय, कधी आणि कसं तपासायचं, ते इथे क्रमाने लिहितो. आकडेमोड आहे, पण आठवीच्या गणितापलीकडची नाही.

आधी सोलापूरचा झोन

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीची रात्र सरत आली होती, पहाटेचे चार वाजायला चार मिनिटं होती. किल्लारीचा तो भूकंप साधारण ६.२ तीव्रतेचा होता. किल्लारी आपल्यापासून सरळ रेषेत जेमतेम ऐंशी किलोमीटर. त्या वेळच्या भूकंप नकाशात तो भाग सगळ्यात कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या झोनमध्ये होता. पुढे आयएस १८९३, म्हणजे भूकंपाला टिकणाऱ्या बांधकामाची भारतीय संहिता, तिच्या २००२ च्या आवृत्तीत पहिला झोन काढूनच टाकला. त्या संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीच्या यादीत सोलापूर तिसऱ्या झोनमध्ये आहे आणि झोनचा गुणक आहे ०.१६. पुढची सगळी गणितं मी २०१६ च्या आवृत्तीने केली आहेत. संहिता सुधारत असते, त्यामुळे तुमचं डिझाइन होईल त्या दिवशी जी आवृत्ती लागू असेल तीच वापरली आहे ना, हे इंजिनिअरला विचारून घ्या.

किल्लारीने शिकवलेली दुसरी गोष्ट वजनाची. भूकंपाचा भार म्हणजे इमारतीचं वजन गुणिले जमिनीने दिलेलं त्वरण. माळवदाच्या छतावर हातभर, म्हणजे साधारण ४५ सेंमी माती असली, तर एका चौरस मीटरवर पाऊण टनाच्या वर वजन बसतं. पाच इंची स्लॅबचं वजन त्याच जागेत तीनशे किलोच्या आसपास भरतं. त्या पहाटे मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरची ती माती झोपलेल्या माणसांवर आली. आपल्या जिल्ह्यातल्या खेड्यांत अशी घरं अजून राहती आहेत, हे कुणी विसरू नये.

माती काय करते, ते आधी समजून घ्या

सोलापुरी चादर झटकताना बघा. हातापाशी जेमतेम वीतभर हालचाल होते, पण मोकळं टोक फटकारा मारतं. जमिनीचंही तसंच. खालच्या बेसाल्टमध्ये भूकंपाची लहर सेकंदाला दीड हजार मीटरच्या पुढे धावते. ती वर येऊन मुरमात शिरली की तीनशे ते पाचशेवर येते आणि ओल्या चिकण काळीत शंभर-दोनशेवर. वेग घटला तरी ऊर्जा कुठे जात नाही, मग हेलकावा मोठा होतो. मऊ थर आणि खालचा कातळ यांच्यात जितका फरक जास्त, तितका वरचा फटकारा जास्त.

यात दुसरी गोष्ट मिसळते ती आवर्तकाळाची, म्हणजे एक हेलकावा पूर्ण व्हायला लागणाऱ्या वेळेची. झोक्याला त्याच्या लयीत ढकललं तर लहान पोरही मोठ्या माणसाला उंच नेतं. प्रत्येक इमारतीला अशी लय असते. बैठं घर सेकंदाच्या दहाव्या भागात एक हेलकावा पूर्ण करतं, आठ-दहा मजल्यांची इमारत अर्ध्यापासून एका सेकंदात. मातीच्या थरालाही लय असते. दोन्ही जुळल्या की इमारत सापडली.

१९ सप्टेंबर १९८५ ला मेक्सिको सिटीत हेच झालं. केंद्र साडेतीनशे किलोमीटरहून लांब, पण शहराचा बराच भाग जुन्या तळ्याच्या मऊ गाळावर. त्या गाळाची लय दोन सेकंदांच्या आसपास होती, आणि सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारती कोसळल्या. त्यांच्या शेजारची बैठी घरं बरीचशी वाचली. २६ जानेवारी २००१ ला भूजचा धक्का दोनशे किलोमीटरहून लांबच्या अहमदाबादला बसला. तिथेही साबरमतीच्या गाळावर, खाली पार्किंगसाठी मोकळा मजला सोडलेल्या इमारती पडल्या.

ही उदाहरणं ऐकून आपले लोक म्हणतात, "आपल्याकडे बैठी घरं, खाली कातळ, आपल्याला काय होतंय?" इथेच घोटाळा आहे. थराची लय काढायचं सूत्र सोपं आहे: थराची जाडी गुणिले चार, भागिले लहरीचा वेग. मेक्सिकोत गाळाचा थर जाड होता, म्हणून लय संथ आणि फटका उंच इमारतींना. सोलापुरात कातळावर काळीचा पातळ थर असतो. सहा मीटर काळी आणि वेग १५० धरा. चोवीस भागिले दीडशे, म्हणजे ०.१६ सेकंद. तीन मीटर काळी असेल तर ०.०८. आता तुमच्या तळमजला अधिक एक मजल्याच्या घराची लय संहितेच्या सूत्राने काढा. विटांच्या भिंती असलेल्या आरसीसी घरासाठी ती ०.०९ गुणिले उंची, भागिले घराच्या लांबीचं वर्गमूळ. उंची सात मीटर, धक्क्याच्या दिशेने लांबी नऊ मीटर, तर ०.२१ सेकंद. प्रत्यक्षातली वीटकामाची घरं याहूनही ताठ असतात. म्हणजे आपल्या मातीची लय आपल्याच घरांच्या लयीच्या जवळ येते. सोलापूरच्या काळीपासून जपायचं ते बैठ्या आणि दोन-तीन मजली घरांनी, हे मला या लेखात सगळ्यात ठामपणे सांगायचंय.

पायरी पहिली: प्लॉटवर नुसतं फिरा

यंत्र आणण्याआधी अर्धा दिवस द्या. जवळपास उघडी विहीर असेल तर काठावरून आत डोकवा. वर काळी, तिच्याखाली पांढरट चुनखडीचे खडे मिसळलेला थर, मग पिवळट मुरूम, मग कातळ. विहिरीची भिंत म्हणजे फुकटचा बोअर लॉगच, खालच्या थरांची नोंद. विहीर नसेल तर शेजाऱ्याला विचारा, "बोअरला केसिंग किती फूट घातलं?" केसिंग पाइप घट्ट खडक लागेपर्यंतच घालतात, त्यामुळे त्या एका आकड्यात मऊ आणि कुजलेल्या थरांची एकूण जाडी कळते. गल्लीतल्या चार-पाच घरांचे आकडे घ्या आणि कागदावर मांडा.

या प्रश्नाने मला एकदा वाचवलंय. नव्या वसाहतीतला कोपऱ्याचा प्लॉट, वरून छान सपाट, मुरूम पसरून रोलर फिरवलेला. गल्लीत सगळ्यांचं केसिंग वीस फुटांच्या आत. फक्त लगतच्या घरातले आजोबा म्हणाले, "आमचं चाळीस गेलं ओ. मशीनवाला पण म्हटला, खाली नुसता राडारोडा हाय." आम्ही जेसीबीने चर मारला. दीड मीटरवर विटांचे तुकडे, त्याखाली प्लास्टिकच्या पिशव्या, त्याखाली काळा चिखल आणि शेवाळाचा वास. जुना ओढा होता तो, भरून प्लॉट पाडलेला. मालकांनी आयुष्याची पुंजी त्यात घातली होती. ते चराच्या काठावर बसून राहिले, बराच वेळ बोललेच नाहीत.

म्हणून गाव नकाशा काढून ओढे-नाले बघा, सातबाऱ्यावर पूर्वी काय होतं ते बघा आणि भागातल्या जुन्या माणसाला गाठा. दगडाच्या बुजवलेल्या खाणी, भरलेल्या विहिरी, तळ्याकाठचा भराव या तिन्हींचा नीट तपास करा. गावठाणात बांधत असाल तर पांढरीवर विसंबू नका. नाव वस्तीचं असलं तरी ती शेकडो वर्षांची राख, पडक्या भिंतींची माती आणि उकिरडा यांचा ढीग असते. वरून टणक, आत पोकळ. गढीच्या उंचवट्यावर तर हमखास.

पायरी दुसरी: माती तपासणी, आणि ती कधी करायची

खड्डा घेतल्याशिवाय डिझाइनला हात लावू देऊ नका. दोन मजल्यांच्या घराला प्लॉटच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत मुरूम लागेपर्यंत खड्डे पुरतात. दोन्हीकडे वेगळं काही निघालं तर तिसरा मधे घ्या. त्याहून मोठ्या इमारतीला बोअर आणि एसपीटी, म्हणजे जमीन किती घट्ट ते ठोक्यांवरून मोजणारी चाचणी, हवीच. एसपीटीत ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंमीवरून टाकतात. नळी पहिले १५ सेंमी जाईपर्यंतचे ठोके सोडून द्यायचे, पुढच्या ३० सेंमीला लागलेले ठोके म्हणजे एन. ठोके मोजताना स्वतः उभे राहा. मी राहतो.

आता जे सांगतो ते तपासणीच्या अहवालात सहसा लिहिलेलं नसतं. काळी माती मे महिन्यात आणि सप्टेंबरमध्ये एकच नसते. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात आणि मधली ढेकळं विटेसारखी कडक होतात. तेव्हा घेतलेला एन देखणा येतो. पावसाळ्यात तीच माती फुगून लोण्यासारखी होते. भूकंप काही मुहूर्त बघून येत नाही. किल्लारीचा आला तो पावसाळ्याच्या शेवटी. म्हणून तपासणी जमल्यास पावसाळ्यानंतर लगेच करा, आणि उन्हाळ्यात करावीच लागली तर प्रयोगशाळेला भिजवलेल्या नमुन्याची ताकद आणि फ्री स्वेल इंडेक्स, म्हणजे माती भिजल्यावर किती फुगते तो आकडा, दोन्ही मागा. हा इंडेक्स ५० टक्क्यांच्या वर गेला की माती फुगणारी समजून चाला.

पायरी तिसरी: जमिनीचा वर्ग ठरवा, पण सरासरीला भुलू नका

संहितेत भारासाठी तीन वर्ग आहेत. एन ३० च्या वर असेल तर कातळ किंवा कठीण जमीन, १० ते ३० मध्यम, १० च्या खाली मऊ. याशिवाय ढासळणारी किंवा पाण्याने पातळ होणारी जमीन हा चौथा प्रकार, त्याला वेगळा अभ्यास लागतो. एन घ्यायचा तो वरच्या ३० मीटरमधल्या थरांच्या जाडीनुसार भारित सरासरीने.

एक प्लॉट धरू. वर तीन मीटर काळी, एन ६. मग चार मीटर मुरूम, एन ३५. उरलेले तेवीस मीटर खडक, त्याला ५० धरला. तीन सक अठरा, चार पस्तिशे एकशे चाळीस, तेवीस पन्नासे अकराशे पन्नास. बेरीज १३०८, भागिले ३०, म्हणजे ४३.६. कागदावर जमीन कठीण! खालच्या तेवीस मीटर खडकाने वरची तीन मीटर काळी झाकून टाकली. फुटिंग मुरमावर गेलं असेल तर या निष्कर्षात थोडंफार तथ्य आहे. फुटिंग दीड मीटरवर काळीतच टेकवलं असेल, तर तो आकडा म्हणजे स्वतःची फसवणूक. माझी पद्धत अशी: वर दोन मीटरहून जास्त काळी असेल तर सरासरी काहीही येवो, मी मध्यमच्या वरचा वर्ग घेत नाही. फुटिंग नाइलाजाने काळीत राहणार असेल तर मऊ धरतो.

पायरी चौथी: भार काढा

सूत्र असं. झोनचा गुणक भागिले दोन. त्याला इमारतीच्या महत्त्वाच्या गुणकाने गुणा. साध्या घराला तो १, एकावेळी दोनशेहून जास्त माणसं असतील तर १.२, शाळा-दवाखान्याला १.५. मग बांधणीच्या गुणकाने भागा. लवचीक तपशील केलेल्या आरसीसी चौकटीला तो ५ असतो, आरसीसी पट्टे नसलेल्या साध्या वीटकामाला दीडच. शेवटी संहितेत जमिनीच्या वर्गानुसार दिलेल्या आलेखातला आकडा गुणा. जे येईल तो वजनाचा हिस्सा, आडवा लावायचा.

आलेखाचा आकडा लहान आवर्तकाळाला सगळ्या जमिनींना २.५ असतो. फरक पडतो तो पुढे. कठीण जमिनीवर ०.४० सेकंदानंतर तो उतरू लागतो आणि १ भागिले आवर्तकाळ होतो. मध्यमला ०.५५ नंतर, १.३६ भागिले आवर्तकाळ. मऊला ०.६७ नंतर, १.६७ भागिले आवर्तकाळ.

आता २७ मीटर उंच, १६ मीटर लांब, भिंती भरलेली इमारत घ्या, वजन दोन हजार टन. आवर्तकाळ ०.०९ गुणिले २७ भागिले ४, म्हणजे ०.६१ सेकंद. कठीण जमिनीवर आकडा १.६५, मध्यमवर २.२४, मऊवर २.५. भार निघतो अनुक्रमे ५३, ७२ आणि ८० टन. इमारत तीच, नकाशा तोच, फक्त खालची जमीन बदलली आणि भार दीडपट झाला. कातळावरचं डिझाइन काळीवर उचलून ठेवणारा हे २७ टन विसरलेला असतो.

आणि दोन मजली घर? आवर्तकाळ ०.२१, म्हणजे तिन्ही जमिनींवर २.५. वजन दोनशे टन धरलं तर भार सगळीकडे ८ टन. सॉफ्टवेअरमध्ये जमिनीचा प्रकार बदलून बघा, काही हलत नाही. यावरून बरेच जण ठरवतात की लहान घराला माती तपासणीची गरज नाही. मला हे मान्य नाही. आलेख सगळ्या देशासाठी सपाट करून काढलेला असतो. पातळ काळी आणि खाली लगेच कातळ, ही आपली खास जोडी त्यात वेगळी दिसत नाही, आणि तिची लय बैठ्या घराच्या लयीजवळ जाते हे वर आपण काढलंच. शिवाय फुटिंगचं खचणं या सूत्रात येतच नाही. भूकंपाच्या वेळी जमिनीची भारक्षमता वाढवून धरायची सवलत संहिता देते: कठीणला ५० टक्के, मध्यमला २५ टक्के, मऊला शून्य. त्या शून्यातच सगळं आलं.

ते ८ टन बांधणीचा गुणक ५ धरून आलेत, हेही ध्यानात ठेवा. हा ५ मिळतो तो कॉलमच्या उभ्या सळयांभोवतीच्या रिंगांच्या जोरावर. हुक १३५ अंशात आत वळवलेला, कॉलमच्या दोन्ही टोकांना रिंगांमधलं अंतर १०० मिमीच्या आत, कॉलमची लहान बाजू किमान ३०० मिमी. नऊ इंची कॉलम आणि ९० अंशाच्या हुकाच्या रिंगा टाकल्या, की पाचने भागायचा हक्क गेला. झोन तीनमध्ये असा लवचीक तपशील नसलेली साधी चौकट २०१६ पासून चालतच नाही. साध्या वीटकामात तोच भार २७ टनांच्या घरात जातो, म्हणून तिथे प्लिंथ (जोतं), लिंटेल (दारा-खिडक्यांचा माथा) आणि छताच्या पातळीवर आरसीसी पट्टा आणि कोपऱ्यांत उभी सळई घाला.

पायरी पाचवी: उतार, कडा, भराव

टेकडीच्या माथ्यावर धक्का मोठा होतो हे खरं आहे. लहर वर चढताना कडांमध्ये कोंडते. युरोपच्या संहितेत तीस मीटरहून उंच, तीव्र उताराच्या अरुंद धारेवर भार किमान ४० टक्के वाढवायला सांगितलंय, आणि १५ अंशांच्या आतला उतार सोडून दिलाय. आपल्या २०१६ च्या संहितेत त्यासाठी वेगळा गुणक नाही. सोलापूर शहर सपाट माळावर आहे, त्यामुळे इथे ही काळजी फार करू नका. बार्शीकडे बालाघाटच्या डोंगरकडेला बांधत असाल तर कड्यापासून मागे सरका आणि इंजिनिअरशी हा विषय काढा.

सोलापुरात भूरचना त्रास देते ती वेगळ्या वाटेने: ओढ्याकडे उतरणारा प्लॉट. वरच्या अंगाला दीड मीटरवर मुरूम, खालच्या अंगाला तीन मीटरवर. फुटिंग पायऱ्यांनी खाली गेली आणि कॉलम आखूड-लांब झाले. कॉलमचा ताठपणा लांबीच्या घनाच्या उलट प्रमाणात असतो. म्हणजे दीड मीटरचा कॉलम तीन मीटरच्या कॉलमच्या आठपट ताठ. जमीन हलली की जवळजवळ सगळा भार तो आखूड कॉलम अंगावर ओढून घेतो आणि तिरका चिरतो. वर घरही एका बाजूला पिरगळतं. उपाय सोपे आहेत. खोल बाजूला फुटिंगखाली लीन (कमी सिमेंटचं) काँक्रीट भरून पातळी वर आणा, किंवा खोल कॉलमांना मधे टाय बीम (कॉलम एकमेकांना बांधणाऱ्या आडव्या तुळया) घालून सगळ्यांची मोकळी लांबी सारखी करा. टाय बीम दोन्ही दिशांनी, एकही फुटिंग एकटं न सोडता.

अर्धं घर खोदलेल्या भागावर आणि अर्धं भरावावर बसवू नका. भराव कितीही दाबलेला असला तरी धक्क्यात बसतो, कातळाकडचा भाग जागेवर राहतो, आणि मधून भिंत फाटते. ओढ्याच्या काठापासूनही अंतर ठेवा. जिकडे माती धरून ठेवणारं काही नाही, तिकडे ती सरकते.

पंढरपूरला भीमेकाठी किंवा सीनेच्या पुळणीजवळ बांधणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. पाण्याने भरलेली सैल वाळू धक्क्यात पातळ होऊन वाहू लागते, इमारत तिच्यात कलते. काळी चिकण माती तशी वाहत नाही, ही भीती वाळूची. बोअरमध्ये पाणीपातळीखाली कमी एनची वाळू लागली तर तिथे साधी फुटिंग नकोतच, पाइल (जमिनीत खोल नेलेले काँक्रीटचे खांब) करून घट्ट थर गाठा.

पायरी सहावी: पाया निवडा

काळी दोन मीटरच्या आत असेल तर विचार करू नका, सगळी काढा आणि मुरमावर बसा. दोन ते चार मीटर असेल तर फुटिंग मुरमावर, कॉलम वर आणून प्लिंथला आणि गरज पडली तर मधेही टाय बीम. याने धक्का नाहीसा होत नाही. पण घर हलतं ते मुरमाच्या हेलकाव्याने, काळीच्या फटकाऱ्याने नव्हे, आणि फुटिंग खचत नाही. त्याहून खोल काळीत अंडर-रीम पाइल हा जुना, खात्रीचा मार्ग आहे. तळाशी फुगवटा असलेली ही पाइल पावसा-उन्हाने फुगणाऱ्या थराच्या खाली, साधारण साडेतीन मीटरच्या पुढे नेतात, आणि वर पाइलांना बीमने बांधून घेतात. राफ्ट, म्हणजे सगळ्या घराखाली एकच सलग स्लॅब, स्वस्त वाटली तरी फुगणाऱ्या काळीवर ती एकसारखी टेकलेली राहत नाही. मी ती टाळतो.

फुटिंग झाल्यावर खड्डा त्याच काळीने बुजवायची सवय मोडा. पैसे वाचतात तिथेच घर जातं. मुरूम आणा, वीतभर जाडीचे थर, पाणी मारून प्रत्येक थर कुटा. एकदम ट्रॉली ओतून वरून पाणी सोडणं म्हणजे कुटणं नाही. प्लिंथच्या भोवती मीटरभर पट्टी फरशीची ठेवा, पावसाचं पाणी पायाशी मुरू देऊ नका. ओली काळी मऊ, आणि मऊ थरावर फटकारा मोठा, हे पुन्हा आठवा.

घर आधीच उभं असेल आणि पाया काळीत असेल, तर घाबरून जाण्यासारखं काही नाही. दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा उन्हाळ्यात रुंदावतात आणि पावसात मिटतात का, ते एक वर्ष पेन्सिलने तारीख लिहून बघा. तसं होत असेल तर आधी पाण्याची वाट वळवा, मग इंजिनिअरला दाखवा. माळवदाचं घर असेल तर वर्षानुवर्षं वर घालत गेलेली जास्तीची माती उतरवा. तेवढ्यानेच छताचा भार बराच कमी होऊ शकतो.

पीसीसीच्या आदल्या दिवशी

खड्डे तयार झाले की इंजिनिअरला फोन करा. पीसीसी झाल्यावर नको, आधी. त्याने प्रत्येक खड्ड्यात उतरायला हवं. मी उतरतो तेव्हा हातात पहार असते. ती पायाच्या तळावर सरळ सोडायची. काळीत ती रुतते आणि ओढून काढताना चिखल चिकटून येतो. कच्च्या मुरमात बोटभर जाते, आवाज बसका येतो. पक्क्या मुरमावर टणकन् वाजून उसळते, हाताला झिणझिण्या येतात. एका साइटवर अकरा खड्ड्यांत पहार वाजली, बाराव्यात रुतली. मिस्त्री म्हणाले, "साहेब, एवढा एकच तर हाय." आम्ही तो आणखी सव्वा मीटर खोल नेला, तेव्हा तिथेही वाजली.

मग टेप उभी धरून प्रत्येक खड्ड्याचा फोटो काढा, तळ दिसेल असा, आणि कॉलम नंबर लिहून जपून ठेवा. खड्ड्यात पाणी साचलं असेल तर उपसून, भिजलेला वरचा थर खरवडून, त्याच दिवशी पीसीसी करा. रात्रभर उघडा राहिलेला मुरूमही सकाळी पुन्हा पहारेने तपासा.